संदेशातली भावना: कुठून आणायची, कुठे ठेवायची, कधी आवरायची

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत रविवारच्या संदेशाबद्दल, म्हणजे उपासनेतल्या पाळकाच्या उपदेशाबद्दल, दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, "साहेबांचं सगळं बरोबर होतं, पण मनाला काही लागलं नाही." दुसरी, "सगळे रडले, पण संदेश कशावर होता ते घरी पोचेपर्यंत विसरलो." दोन्हींचे मूळ एकच आहे. तयारीचा क्रम चुकतो. आधी रडवणारी गोष्ट ठरते आणि मग तिला शोभेल असे वचन शोधले जाते. नाहीतर भावनेचा विचारच होत नाही आणि रविवारी सकाळी आवाज चढवून ती उणीव भरून काढली जाते.

खालचा क्रम पाळकांसाठी आहेच. पण एका पाळकाकडे अनेक गावे असली की उपासना चालवायची पाळी गावातल्या उपदेशकांवर येते. त्यांनाही, आणि धर्मशिक्षण घेणाऱ्यांना व शब्बाथशाळेच्या (मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गाच्या) टीचरनाही, तो तसाच वापरता येईल. शब्बाथशाळेचा भाग शेवटी वेगळा दिला आहे, कारण मुलांच्या बाबतीत चूक झाली तर ती लवकर निस्तरत नाही.

टप्पा १: उताऱ्यातली भावना कागदावर उतरवा (सोमवार–मंगळवार)

लागते एवढेच: पवित्र शास्त्र (बायबल), जमल्यास मराठीतली दोन भाषांतरे, एक कोरा कागद आणि पेन्सिल. मंडळीत कन्नड कुटुंबे असतील तर कन्नड सत्यवेदही (कन्नड बायबलही) जवळ ठेवा. यूट्यूबवरचे संदेश आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या गोष्टी बुधवारपर्यंत बंद. दुसऱ्याचा संदेश आधी ऐकला की त्याचा सूर कानात बसतो आणि उताऱ्याचा सूर ऐकू येईनासा होतो.

उतारा तीनदा मोठ्याने वाचा. मग कागदावर चार रकाने पाडा: वचन क्रमांक, कोण, त्याला काय वाटते, कशामुळे. उदाहरणादाखल योहान ११:१७–४४ घेऊ, जिथे येशू मार्था आणि मरीया यांच्या मेलेल्या भावाला, लाजराला, उठवतो.

वचन २१ मध्ये मार्था येशूला म्हणते की आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. वचन ३२ मध्ये मरीया जवळजवळ तेच वाक्य बोलते. मार्थेला येशू शब्दांनी उत्तर देतो, पुनरुत्थान आणि जीवन मी आहे असे सांगतो. मरीयेचे रडणे पाहिल्यावर तो स्वतः रडतो (वचन ३५). तक्रार एकच, पण उत्तरे दोन. हे रकान्यात लिहिले नाही तर नजरेतून निसटते आणि मग "येशू रडला" एवढ्यावरच सगळा संदेश उभा राहतो. वचन ३३ आणि ३८ मधली येशूच्या मनातली खळबळ नुसत्या दुःखाची नाही, तिच्यात संतापही आहे. वचन ३७ मधले लोक कुरकुरतात. वचन ३९ मध्ये मार्थेला दुर्गंधीची काळजी आहे, कारण चार दिवस झाले आहेत. वचन ४४ मध्ये लाजर बाहेर येतो तेव्हाही त्याचे हातपाय बांधलेले आहेत आणि त्याला मोकळे करायचे काम येशू आजूबाजूच्यांना सांगतो.

रागवणे, रडणे, कुरकुर, किळस, धक्का, काम. इतके सगळे एका उताऱ्यात आहे. बाहेरून काही आणायची गरजच नाही.

तपासा: संदेशात जी भावना जागवणार आहात तिच्या वचनावर बोट ठेवता येते का? येत नसेल तर ती भावना तुमची आहे, उताऱ्याची नाही. ती बाजूला ठेवा.

नेहमीची चूक: प्रत्येक उताऱ्याचा शेवट आनंदात करणे. स्तोत्र १३ तक्रारीने सुरू होते आणि सहाव्या वचनात गाण्यावर संपते. पण स्तोत्र ८८ अंधारातच संपते. लूक १५ मधला उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ घरात गेला की नाही ते सांगितलेलेच नाही. जे उताऱ्याने उघडे ठेवले ते तुम्ही बंद करू नका.

कॅथलिक पद्धतीत रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राप्रमाणे ठरलेली असतात. लाजराचा हा उतारा अ वर्षात, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी येतो. त्यामुळे "या आठवड्यात काय बोलू" हा प्रश्न सुटतो, मात्र रकाने पाडायचे काम चुकत नाही.

टप्पा २: मंडळीच्या मनात आधीच काय चालले आहे ते लिहा (बुधवार)

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला पाच ओळी पुरेत. या आठवड्यात कोणाच्या घरी माती झाली? कोण दवाखान्यात आहे? कोणाचा मुलगा गोव्याला किंवा पुण्याला कामाला गेला आणि फोन उचलत नाही? अथणी–चिकोडीकडे ऊसतोड चालू आहे का, म्हणजे बिल येईपर्यंत हात आखडता आहे का? निपाणीत तंबाखूचा भाव पडला आहे का? दहावीचा निकाल लागला आहे का?

ही यादी संदेशात सांगण्यासाठी नाही. न बोलण्याच्या गोष्टी कळाव्यात म्हणून ती आहे. तीनच दिवसांपूर्वी ज्या घरी मूल दगावले ते घर पहिल्या बाकावर बसलेले असताना "देव ज्यांच्यावर प्रीती करतो त्यांचे रक्षण करतो" हे वाक्य कितीही खरे असले तरी सुरीसारखे जाते.

सावध: मंडळीतल्या कोणाची गोष्ट, नाव गाळूनही, सांगू नका. साठ-सत्तर माणसांच्या गावात "एक बहीण, तिचा नवरा दारू पितो" म्हटले की सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळतात. स्वतःहून साक्ष द्यायची असेल त्याने ती द्यावी, आणि तीही आधी लिहून दाखवून.

सावध: सीमाभागात एक भावना चुटकीसरशी पेटते, ती म्हणजे भाषेची. तिला हात घातला की सभा लगेच जागी होते, म्हणून मोह होतो. पण त्याच बाकांवर कन्नड घरात दिलेल्या लेकी आणि मराठी घरात आलेल्या कन्नड सुना बसलेल्या असतात. त्या क्षणापासून वचन बाजूला पडते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कर्नाटक राज्योत्सवाच्या सुमारास, तर हे विशेष सांभाळा.

टप्पा ३: तीन वाक्ये, याच क्रमाने

१. मंडळीला काय कळावे?
२. कळल्यावर काय वाटावे?
३. वाटल्यावर बुधवारपर्यंत काय करावे?

लाजराच्या उताऱ्यासाठी: (१) येशू मरणावर संतापतो आणि रडणाऱ्यांसोबत रडतो, मग मरणाला हुकूम देतो. (२) आपले रडणे म्हणजे अविश्वास नव्हे, हे कळून मन हलके व्हावे. (३) या वर्षी ज्यांच्या घरी माती झाली त्यांच्यापैकी एका घरी जाऊन अर्धा तास बसावे, उपदेश न करता.

दुसरे वाक्य पहिल्याच्या आधी लिहिले तर संदेश ओढूनताणून होतो. तिसरे वाक्य लिहिलेच नाही तर डोळे पुसून लोक घरी जातात आणि तिथेच सगळे थांबते. "विश्वासात वाढावे", "प्रभूच्या जवळ यावे" ही तिसरी वाक्ये नव्हेत. कोणी, कुठे, केव्हा हे नसेल तर पुन्हा लिहा.

टप्पा ४: वेळ वाटून घ्या (गुरुवार)

वीस मिनिटांच्या संदेशाचा साधारण हिशेब असा: सुरुवात तीन मिनिटे, उतारा समजावणे नऊ, मन हलवणारा भाग तीन, काय करायचे ते चार, शेवटची प्रार्थना एक. मिस्सातला (कॅथलिक उपासनेतला) उपदेश याहून आखूड असतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये आठ मिनिटांच्या पुढे जाऊ नका असे सांगितले होते. आठ मिनिटांत भावनेला एक मिनिट मिळते, आणि ते पुरते.

शिखर, म्हणजे मन सगळ्यात जास्त हलवणारी जागा, एकच ठेवा, आणि तेही संदेशाच्या दोन तृतीयांश टप्प्यावर. पहिल्या पाच मिनिटांतच लोकांना रडवले तर पुढची पंधरा मिनिटे ते थकून बसतात. दर पाच मिनिटांनी रडवले तर तिसऱ्या वेळी तरुण पोरे मोबाइल काढतात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

दुभाष्यासह संदेश असेल तर अर्धा मजकूर गाळा. पंचवीस मिनिटांत साडेबारा मिनिटांचेच बोलणे होते. दुभाष्याला शुक्रवारी कागद द्या आणि शिखराची वाक्ये मोठ्याने एकदा वाचून दाखवा. त्या जागी वाक्य आठ-दहा शब्दांपेक्षा लांब नको. लांब वाक्याचे भाषांतर होईपर्यंत मराठी बाकांचा ओलावा वाळून जातो आणि कानडी बाकांवर तो उशिरा पोचतो. विनोदाचेही तेच: हशा दोनदा पिकतो, दुसऱ्यांदा अर्ध्या लोकांना तो का पिकला ते कळत नाही.

टप्पा ५: दृष्टांत आता निवडा, आधी नाही

एका संदेशाला एक दृष्टांत. तो शिखराच्या आधी यावा, शिखरावर नको. शिखर वचनाचे असले पाहिजे. दृष्टांत तिथे बसवला की लोकांना वचनाऐवजी गोष्ट आठवते.

कोणता नको ते सांगणे सोपे आहे. फॉरवर्ड होत आलेली गोष्ट नको, जिच्यात एखादा नास्तिक प्राध्यापक, मरणारे बाळ आणि शेवटी "तो मुलगा म्हणजेच अमुक थोर माणूस" असे असते. यातल्या बहुतेक घडलेल्याच नसतात, आणि कॉलेजात जाणारी पोरगी बाकावर बसल्या बसल्या मोबाइलवर ते पडताळून पाहते. इतर धर्मांतल्या लोकांची टिंगल किंवा त्यांच्या दुःखाला "शिक्षा" म्हणणारी गोष्टही नको. शेजारपाजारी आणि नातलग उपासनेला येतात, आणि आले नाहीत तरी भोंगा त्यांच्या दारापर्यंत पोचतो.

उधळ्या पुत्राला गोव्याच्या हॉटेलात भांडी घासायला लावले तर चालते का? चालते, पण दोनच वाक्यांपुरते. मग परत लूक १५:२० वर या, जिथे बाप धावतो.

टप्पा ६: आवाज, माईक, वाद्ये (शनिवार)

उपासनेच्या जागी उभे राहून तपासायच्या गोष्टी:

पत्र्याचे छप्पर असेल आणि खानापूरकडचा जुलै असेल तर हळू आवाजातले वाक्य कोणालाही ऐकू जाणार नाही. शिखराचे वाक्य मध्यम आवाजात, दोनदा म्हणायची तयारी ठेवा.

मिक्सरवरचा एको पूर्ण बंद. एको असला की आवाज भारदस्त वाटतो, पण व्यंजने एकमेकांत मिसळतात आणि मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना नुसता नाद ऐकू येतो. गाण्याला हवा असेल तर गाण्यापुरता लावा आणि संदेशाआधी उतरवा. हे काम एकाला नेमून द्या.

कीबोर्डवाल्याला सांगा: संदेश चालू असताना आणि आवाहनाच्या वेळी, म्हणजे शेवटी मंडळीला काही करायला सांगताना, एकही सूर नको. सुरांच्या लाटेवर उचललेला हात दुसऱ्या दिवशी कशासाठी उचलला ते त्या माणसालाच सांगता येत नाही.

शिखरानंतर पाच ते आठ सेकंद गप्प राहा. बोलणाऱ्याला हे फार लांब वाटते, म्हणून मनात सावकाश आकडे मोजा. "हालेलुया बोला" म्हणून ती शांतता भरू नका.

तुम्हालाच रडू आले तर? थांबा, पाणी प्या, उताऱ्यातले पुढचे वचन वाचा. रडत रडत बोलत राहिलात तर मंडळीचे लक्ष लाजराकडून तुमच्याकडे येते. शब्द फुटणार नाहीत असे आधीच वाटत असेल, म्हणजे स्वतःच्या घरी नुकतीच माती झाली असेल, तर त्या रविवारी दुसऱ्याला उभे करा.

टप्पा ७: आवाहन

इथे सगळ्यात जास्त गडबड होते. भावना वर आहे, लोक मऊ आहेत, आणि बोलणाऱ्याला वाटते की आता काहीही मागावे. मागा तेच, जे टप्पा ३ च्या तिसऱ्या वाक्यात लिहिले आहे. दुसरे काही नाही. विशेषतः अर्पण किंवा इमारत निधी याच वेळी मागू नका. तो उपासनेच्या दुसऱ्या भागात, हिशेबासह मागा.

भीती घालताना दोनदा विचार करा. न्यायाचा उतारा असेल तर न्याय सांगितलाच पाहिजे, तो गाळणेही अप्रामाणिकपणाच. पण उताऱ्यात न्यायासोबत वाट दिलेली असेल तर तीही त्याच संदेशात द्या, पुढच्या रविवारची वाट पाहू नका. "आज रात्रीच मेलात तर" हे वाक्य दवाखान्यात ऑपरेशनची तारीख घेऊन बसलेल्या माणसाला वेगळेच ऐकू येते.

मातीच्या वेळी तर आवाहन नकोच. सात-आठ मिनिटे, एक वचन, आशा, प्रार्थना. मृत माणूस विश्वासात होता की नव्हता याचा निवाडा उघड्या खड्ड्यापाशी करू नका. कॅथलिक दफनाच्या मिस्सात उपदेश थोडक्यात असावा आणि मृताचे गुणगान नसावे असा नियमच आहे; इतर मंडळ्यांनीही तो उचलायला हरकत नाही. आठवणी सांगायच्या असतील तर घरी, जेवणाच्या वेळी.

शब्बाथशाळा: इथे क्रम वेगळा

मोठ्यांच्या संदेशात आधी कळणे, मग वाटणे. लहान मुलांत गोष्ट ऐकतानाच वाटायला लागते आणि कळणे मागून येते. म्हणून टीचरने भावना जागवायचे कष्ट घेऊ नयेत, तिला जागा द्यावी. पंचेचाळीस मिनिटांचा तास, मार्क ४:३५–४१ (वादळ शांत करणे), वय सात ते दहा, असे धरू.

१. पहिली पाच मिनिटे: गाणे, हजेरी.

२. पुढची बारा मिनिटे: गोष्ट. जुन्या साडीची दोन टोके दोन मुलांनी धरून लाटा करायच्या. शिष्य येशूला उठवतात तिथे थांबा. शांत झाल्यानंतर येशू विचारतो ते प्रश्न तसेच वाचा, पण मुलांकडे बोट करून नको. "तुम्ही का भिता रे?" असे टीचरच्या तोंडून आले की मूल आपली भीती लपवायला शिकते.

३. दहा मिनिटे: बोलणे. "शिष्यांना कसं वाटलं असेल?" आधी त्यांच्याबद्दल विचारा. "तुला कधी भ्या वाटलं?" हा प्रश्न नंतर, आणि उत्तर द्यायची सक्ती नाही. मूल घरच्या भाषेत बोलू दे. शाळेत कानडी बोलणारे पोर "हेदरिके" म्हणाले तर त्याला थांबवून "भीती म्हण" करू नका. भावना सांगताना भाषा सुधारली की सांगणेच बंद होते.

४. आठ मिनिटे: सुवर्णवचन, म्हणजे पाठ करायचे वचन. देवनागरी वाचायला अडखळणारी मुले आता बरीच आहेत, म्हणून ते तोंडी, तालावर घ्या आणि फळ्यावर नंतर लिहा.

५. सात मिनिटे: चित्र किंवा कृती. उरलेली तीन मिनिटे प्रार्थना, ज्याला नको असेल त्याने गप्प बसावे.

सावध, वयानुसार: सातच्या आतल्या मुलांना वधस्तंभाचा रक्तरंजित व्हिडिओ दाखवू नका, आणि ती गोष्ट सांगितली तर त्याच तासात रिकाम्या कबरेपर्यंत पोचा. पुढच्या रविवारी गैरहजर राहिलेले मूल अर्ध्या गोष्टीसोबतच झोपते. अब्राहाम-इसहाकाची गोष्ट दहाच्या आत टाळलेली बरी. मोठ्यांना तिच्यात विश्वास दिसतो, मुलाला बापाच्या हातातला सुरा दिसतो. नरकाचे वर्णन लहान गटात नको.

"कोणाला येशू हवा, हात वर करा" हे मुलांना विचारू नका. टीचरला खूश करायला सगळेच हात वर जातात, आणि दर सुट्टीच्या बायबल वर्गात तेच हात पुन्हा वर होतात. शेजारची मुले येत असतील तर आईवडिलांना आधी सांगून, वर्गात काय शिकवतो ते दाखवून त्यांची परवानगी घ्या.

अकरा ते चौदा वर्षांची मुले सगळ्यांसमोर भावना बोलत नाहीत. त्यांना स्तोत्र १३ द्या: दोन वचने तक्रार, दोन मागणे, दोन भरवसा. त्याच साच्यात स्वतःचे सहा ओळींचे स्तोत्र लिहायला सांगा. कागद गोळा करू नका. वाचून दाखवायचेही बंधन नको.

सावध: अशा तासाला कधी एखादे मूल घरातल्या मारहाणीबद्दल किंवा कोणी नको तिथे हात लावल्याबद्दल सांगते. "कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नका. ऐका, उलटतपासणी करू नका, त्याच दिवशी पाळकांना किंवा फादरना सांगा आणि चाइल्डलाइनला १०९८ वर फोन करा. प्रार्थना करून विषय मिटवू नका.

टप्पा ८: मन हलले का, हे कधी आणि कसे पाहायचे

दारात हात मिळवताना "फार छान झाला" म्हणणाऱ्यांवरून काही कळत नाही. रडणाऱ्यांवरूनही थोडेच कळते. प्राचीन मंडळीतला बिशप ऑगस्टीन याने उत्तर आफ्रिकेतल्या मॉरितानियातल्या सीझरिया शहरात एक उपदेश केला होता. तिथे वर्षातल्या ठरावीक काळात शहरातले लोक, सख्खे भाऊ आणि बापलेकसुद्धा, दोन तट करून एकमेकांना दगडांनी मारत; ते थांबवावे म्हणून तो बोलला. टाळ्या ऐकून त्याला काही साधल्यासारखे वाटले नाही, रडू पाहिल्यावर वाटले. पण दाखला म्हणून त्याने लिहून ठेवले ते वेगळेच: आठ किंवा अधिक वर्षे झाली, तो प्रकार पुन्हा घडलेला नाही.

आपल्याकडे आठ वर्षे थांबायला नको. बुधवारच्या प्रार्थनासभेत दोनच प्रश्न विचारा. संदेश कोणत्या वचनावर होता? ज्या घरी जायचे ठरले होते तिथे कोण गेले? पहिल्याला उत्तर आले आणि दुसऱ्याला नाही, तर टप्पा ३ चे तिसरे वाक्य ढिले होते. दुसऱ्याला आले आणि पहिल्याला नाही, तर दृष्टांत वचनावर चढला होता. दोन्हीला आले नाही तर टप्पा १ चा कागद काढून रकाने भरले होते का ते पाहा. बहुतेक वेळा ते कोरेच सापडतात. दोन्ही उत्तरे आली तर तो कागद तारीख घालून फाइलला लावा, पण तोच संदेश दुसऱ्या गावात जसाच्या तसा देऊ नका. टप्पा २ ची पाच ओळींची यादी तिथे पुन्हा करावी लागते.